डावा पाय

सजाच्या शेडमध्ये बूट जोडीनं येत नाहीत.
मॉलमधल्या हिरव्या पेटीत माणसं टाकतात तेव्हा जोडी असते,
वाटेत कुठं तुटते कोण जाणे.
डावा माझ्या पुढ्यात येतो, उजवा
कधी मोतालेबच्या बेल्टवर, कधी पुढच्या आठवड्यात,
कधी येतच नाही.

मी आधी टाच बघतो.
ही सवय आबांची. कापशीत
गिऱ्हाईक पायरीशी यायच्या आत ते त्याची चप्पल बघायचे
आणि म्हणायचे, गुडघा दुखतोय न्हवं?
इथंही कळतं.
हा बाहेरच्या बाजूनं झिजलाय, हा घाईचा माणूस.
हा झिजलेलाच नाही,
आत अजून कागदाचा बोळा आहे.
हा माणूस पळणार होता.

मग रापी चालवतो.
रापी म्हणायचं आपलं, कंपनीचं कटर आहे, पिवळ्या मुठीचं.
नियम असा की चांगला बूट आधी चिरायचा,
नाहीतर देऱ्याच्या गल्लीत तो पुन्हा विकायला बसतो
आणि कागदावरचा हिशेब चुकतो.
पंजापासून टाचेपर्यंत एकच चीर.
याच रेषेवर आबा टाका घालायचे.

मार्चमध्ये पाहुणे आले.
त्याआधी भिंतीला हिरवळ चिकटवली, प्लॅस्टिकची.
आम्हाला टी-शर्ट वाटले,
पाठीवर लिहिलेलं, अकरा बाटल्यांपासून बनलेला.
शाजी म्हणाला, मी दिवसाला सहा पितो,
म्हणजे दोन दिवसांत माझा एक शर्ट
आणि वर एक बाटली शिल्लक.
त्या हसण्यातच फोटो निघाला.

एका बाईंनी विचारलं, खरंच विचारलं,
कॅमेरा खाली ठेवून, याचं पुढं काय होतं?
मी मशीन दाखवलं. चुरा दाखवला.
त्यांनी ओंजळीत घेतला,
थोडा लाल, थोडा निळा, बराचसा राखाडी.
शाळांच्या मैदानात अंथरतात म्हणे,
पोरं पडली तर लागत नाही.
खोटं नसावं.
मैदान मी पाहिलेलं नाही, पडलेलं पोर पाहिलंय.
लागत नसेल तर बरंच आहे.

लहान मुलांचे बूट मात्र बाजूला काढावे लागतात.
त्यांच्या टाचेत दिवे असतात, आणि बॅटरी मशीनला चालत नाही.
टाच फोडायची, दिवा उपसायचा, निळ्या पिंपात टाकायचा.
रात्रपाळीला फोर्कलिफ्टचा धक्का लागला
की पिंप आतून एकदम पेटतं,
विझतं, पेटतं.
कुणीतरी पळतंय आत.
खूपजण, जागच्या जागी.

सुट्टीच्या दिवशी आबांना फोन लावतो.
सुईत आता ओवता येत नाही त्यांना, पण विचारतात,
तळ कसला?
रबर, आबा. फेसासारखं.
आणि शिलाई?
न्हाई. चिकटवलेला असतोय.
बराच वेळ नुसती खरखर.
मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणाले, मग उसवता कसं रं?
उसवत न्हाई. चिरतो.
आं?
चिरतो, आबा.
ते म्हणाले, जेवलास का.

पाळी सुटली की गेटवर सगळ्यांची पादत्राणं तपासतात.
सेफ्टी बूट लॉकरला, पायात माझी कापशी.
पाच वर्षांची. अंगठा दोनदा शिवलाय,
बाभळीच्या सालीचा वास केव्हाच गेला.
टेकबहादूर ती उलटी करतो.
तळाच्या टाक्यांत चुऱ्याचे कण रुतलेत.
एक नखानं काढून उजेडात धरतो,
पॅंटला पुसतो, जा म्हणतो.

रात्रीचे अकरा, अडतीस डिग्री.
बस येईस्तोवर मी कठड्यावर बसून
डावी चप्पल काडीनं उकरत राहतो.
उजवीत एवढे अडकत नाहीत.
का ते आबांना विचारायचं राहूनच जातं.