शेरा

आठशे किलोमीटर उंचीवरून
आचऱ्याची खाडी म्हणजे मनगटावरची शीर.
उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, बघतो, जातो.
त्याच्या लेखी एक घर दहा मीटरचं,
लांबीला दहा, रुंदीला दहा,
आत काहीही असो, रंग एकच.

तालुक्याहून नकाशा आला तेव्हा
आमच्या वाडीसमोर हिरवं वाढलेलं होतं.
सात वर्षांत चौदा एकर. खारफुटी : वाढ.
साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.
मग मोबाइल आनशीकाकीपुढे धरला.
ओला हात लुगड्याला पुसून तिनं तो लांब धरला,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा.

"ह्यां हिरवां खंयचां?"
चिंचेच्या बांधाखालचं, मी म्हटलं.
"थंय माझी आवस तिसऱ्यो काढी."

एवढंच. पाटी उचलून चालायला लागली.

मी मागून, प्लॅस्टिकच्या नळ्यांची चौकट खांद्यावर,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
चौकट टाकायची, आतलं मोजायचं,
फोटो, वेळ, शेरा.
चिखल पोटरीपर्यंत. मारांडीचे काटे.
काकी पायाच्या अंगठ्यानं चिखल वाचते.
पहिल्या चौकटीत दोन, दोन्ही रिकाम्या शिंपा.
दुसरीत शून्य.
तिसरीत एक, जिवंत, नखाएवढी.
ती तिनं परत ठेवली
आणि पोरावर गोधडी ओढावी तसा
वरून चिखल ओढला.

वरच्या पुलाखाली रेती उपसायला लागले
तेव्हापासून गाळ इथं येऊन बसतो, ती म्हणाली.
गाळ बसला की बी धरतं. बी धरलं की झाड.
"झाडाचो काय दोष? झाड बरांच.
पण हिरवां तां सगळांच बरां नसता गो."

फॉर्मात याला रकाना नव्हता.
प्रजाती होती, उंची होती, खोडाचा घेर होता,
मानवी हस्तक्षेप : होय किंवा नाही.
शेऱ्याला साठ अक्षरं.
त्या साठात मी तिची आई बसवत राहिले.
'पूर्वी येथे तिसऱ्या मिळत' असं लिहिलं,
मग 'मिळत' खोडून 'काढत' केलं.
मिळत म्हटलं की
कुणी वाकलंच नव्हतं असं वाटतं.

जून ते सप्टेंबर उपग्रहाला दिसत नाही.
पडद्यावर पिंजलेला कापूस,
खाडी जणू रजेवर.
काकी रजेवर नव्हती.
डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन
ती जेटीच्या टोकाला उभी राहायची,
टोपाचं पांढरं झाकण दोरीनं पाण्यात सोडायची
आणि ते दिसेनासं झालं की
ओल्या दोरीवरच्या गाठी मोजायची.
मला फोन : "आज दोनच गाठी."
उपसा बंद असला की : "पाच! पाच!"
तेवीस फोन. तेवीस ओळी.
एकदा नुसतंच : "आज माका ताप."
तेही मी लिहून ठेवलं.

भाऊबिजेच्या दुपारी नवा नकाशा आला.
त्या हिरव्यात एक घर तपकिरी झालं होतं.
एकच.
खाली बारीक अक्षरांत :
चिखलपट्टी, शिंपल्यांचे क्षेत्र, स्थानिक नोंदीवरून.
स्थानिक म्हणजे ती.
नाव नव्हतं.

मी धावत गेले. ती जाळ्याची भोकं शिवत होती.
बघितलं, लांब धरून.
"एकच? बाकीची कोण करतलो?"

मला उत्तर सुचेना, म्हणून भरतीचं ॲप उघडलं.
वर्तुळ फिरत राहिलं. रेंज नव्हती.
तोवर तिनं बोटांच्या पेरांवर
तिथीची पाऊणपट करून टाकली होती :

"फाल्या तीज. सव्वादोनची भरती, सव्वाआठाक सुकती.
चौकट घेवन ये.
आणि तो शेरो वायच मोठो कर."