तासांचा हिशोब

शौनकच्या पहिल्या चेकवर त्याच्या आईनं कुंकवाचं बोट लावलं,
देवापुढे ठेवला, मग बँकेत दिला.
काउंटरवरच्या बाईनं विचारलं, हे रक्त आहे का?
आम्ही तिघंही हसलो. जानेवारी होता,
ईरीच्या सरोवरावरून आडवा बर्फ येत होता
आणि सोळा वर्षांचं पोर कमावतं झालं होतं.

मीच शिकवलं होतं त्याला:
काहीही घेताना किंमत डॉलरांत बघू नकोस,
तासांत बघ. बूट म्हणजे नऊ तास.
हेडफोन म्हणजे अख्खा आठवडा पिझ्झ्याच्या भट्टीपुढे.
आणि फोनवर भावाला सांगत होतो,
हाताला काम असलं की पोरं वाया जात नाहीत रे.

दुसऱ्या चेकचं कुणी विचारलं नाही.
टिपा तर रोखच. चुरगळलेल्या, पिठाळ.

मार्चमध्ये वॉशिंग मशीनपाशी आंब्याचा वास आला.
घरात आंबा नव्हता. या गावात मिळतो तो आंबा
दगडासारखा, त्याला वास कुठला.
ॲप्रनचे खिसे उलटे केले:
एक ऑर्डरची चिठ्ठी, दोन पेनं,
आणि पिवळं, बोटाएवढं काहीतरी, टोकाला बारीक दिवा.
हुंगून पाहिलं. खरंच हापूस.

त्या रात्री पिझ्झेरियाच्या मागे गाडी लावली.
कचऱ्याच्या पेट्यांशी डस्टिन उभा होता. तेवीस वर्षांचा,
दुकानात कार्ड दाखवू शकणारा.
मला बघून त्यानं अदबीनं हात केला.
शौनक आत बसला. मनगटावर ओव्हनचा ताजा चटका.

का, एवढंच विचारायचं घोकून आलो होतो.
तोंडातून निघालं, केवढ्याला?

दोन तास, तो म्हणाला.

वायपर चारदा फिरला.
शेवटचा तास सरत नाही बाबा त्याच्याशिवाय.
नऊ ते दहा.
सगळेच घेतात मागे जाऊन.
गोळ्याही असतात डस्टिनकडे, एकीचे सहा तास पडतात.
ती मी एकदाच.

एकदाच. म्हणजे सहा.
दोन दर आठवड्याला, जानेवारीपासून,
मी सिग्नलपाशी बेरीज करत बसलो,
हातचा धरायला विसरलो, पुन्हा सुरू केली,
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, दिलाच.

हिरवा झालाय, बाबा, तो म्हणाला.