दर्शनी भाग

त्यांनी सांगितलं, दर्शनी भागात लाव.
मी विचारलं, दर्शनी म्हणजे कुठे?
साहेब फोनवर होते. बोट केलं मुख्य दाराकडे.
म्हणून मी ती लावली दाराच्या मागच्या भिंतीवर,
चारी कोपऱ्यांना खळ, वरून तळवा फिरवून,
एक बुडबुडा राहू न देता.
एकोणीस वर्षं हेच करतोय.
कागद भिंतीला कसा बसवायचा ते मला कळतं.

दार आत उघडतं.
कार्यालय उघडं असलं की सूचना झाकलेली,
बंद झालं की मोकळी,
मग वाचायला आत फक्त पाल.
साहेबांनी दार जरा लोटून फोटो काढला.
फाईलला लागला.

प्रारूप विकास आराखडा. हरकती व सूचना तीस दिवसांत.
नकाशा पाहण्याची वेळ अकरा ते एक.
त्याच वेळी खारशेतच्या किनाऱ्यावर
रापणीचे वाटे पडत असतात
आणि बायका टोपल्या घेऊन तिठ्यावर.
ही वेळ कोणी ठरवली मला ठाऊक नाही.
त्या बैठकीत मी चहा दिला. दोन बिनसाखरेचे.

नकाशात सतरा नंबरला जांभळा रंग:
वाहनतळ व पर्यटक सुविधा. सद्यस्थिती, पडीक.
त्या पडीकावरून मी रोज सायकलनं येतो.
ऑक्टोबर ते मे पाय ठेवायला जागा नसते तिथे,
बांगडे, पेडवे, गोलमा,
कावळे, आणि कावळ्यांवर द्वारका टिकमची काठी.
पावसाळ्यात होड्या उपड्या, झापांखाली.
सर्वे झाला तो जुलैत,
गाडीतून, काच वर करून.

चोविसाव्या दिवशी मी बाबी मेस्त्रीला बोलावलं.
म्हणालो, दार खाऱ्या हवेनं फुगलंय, लादीला घासतं.
घासत होतंच. सहा वर्षं घासत होतं.
त्यानं बिजागऱ्या सोडवल्या,
दार अंगणात दोन स्टुलांवर आडवं टाकलं
आणि रंधा आणायला घरी गेला.
तीन दिवस आला नाही.
त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

भिंत उघडी पडली.
जन्मदाखला न्यायला आलेल्या एका पोरानं
सूचना मोठ्यानं वाचली, शाळेतल्यासारखी,
'प्रारूप'ला दोनदा अडखळत.
रांगेतली माणसं गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी, अकराच्या आत, द्वारका आली.
टोपली बाहेर ठेवली, हात पदराला पुसले.
पुरते पुसले गेले नसावेत.
नकाशासमोर उभी राहून म्हणाली, दर्या खय?
मी दाखवला.
मग ती किनाऱ्यानं बोट चालवत निघाली:
देऊळ, बर्फाचा कारखाना, गोड्या पाण्याची विहीर.
सतरावर थांबली.
"ह्येका पडीक कोणी लिवल्यान?"
अभियंते म्हणाले, बाई, लेखी द्या.

लेखी आलं.
वह्यांच्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर,
एक तर कॅलेंडरच्या फेब्रुवारीवर.
चारशे बारा.
शिक्क्याचं पॅड वाळलं, पाणी शिंपडून चालवलं,
पण प्रत्येकाला आवक क्रमांक दिला.
मुकादमांच्या हलीमानं विचारलं, माजो नंबर कितवो?
तीनशे सहा.
तिनं तो तळहातावर लिहून घेतला
आणि मूठ मिटली.

सुनावणी झाली. खुर्च्या चाळीस होत्या,
बाकीचे जिन्यात, मग रस्त्यापर्यंत.
इतिवृत्तात एकच ओळ आहे:
नागरिकांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदविला.
काय म्हणाले, ते नाही.
निर्णय वर गेलाय.
वर म्हणजे कुठे, हे या वेळी मी विचारलं.
साहेब फोनवर होते.

दार परत बसलंय. आता घासत नाही.

काल नकाशा गुंडाळताना
सतरा नंबरवर एक खवला दिसला,
नखाएवढा, चिकटून सुकलेला.
खरवडला असता तर खालचा रंग निघाला असता.
तसाच गुंडाळला.