चव्वेचाळीस इंच

स्वयंपाकघराच्या चौकटीवर टेसाच्या उंचीच्या खुणा,
पेन्सिलीच्या, काही पुसट.
फेब्रुवारीत तिनं टाचा टेकवून, खरंच टेकवून
(कोरिन खाली वाकून बघत होती)
चव्वेचाळीस इंच गाठले.
एवढी उंची भरली की ड्रॅगनच्या गाडीत बसू देतात.
या चार बोटांसाठी तीन वर्षं
नाक दाबून दूध पीत आली पोर.

मार्चचा दुसरा आठवडा. टोलीडोत अजून
रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ.
कॅलेंडरवर एकोणीस तारखेच्या चौकोनात
टेसानं काढलेलं विमान.
सहा खिडक्या, पाच चेहरे.

पाचवा चेहरा व्हर्जिलचा. कोरिनचे वडील.
काचेच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली,
आता छातीत फाटक्या भात्याची शिट्टी.
जिना चढताना दोनदा थांबतात
आणि थांबलोच नाही असं दाखवायला
खिडकीबाहेर काहीतरी बघतात.
खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं गॅरेज आहे, दुसरं काही नाही.

"मेलो तर तिथंच मरेन," ते जेवताना म्हणाले,
"हातात गुलाबी साखरेचा कापूस घेऊन. वाईट काय त्यात?"
कुणी हसलं नाही.
मग त्यांनीच मटार इकडून तिकडे सरकवले.

शेजारचा डेल म्हणाला, साधा फ्लू आहे, जा बिनधास्त.
कोरिनची बहीण म्हणाली, जाल तर माझ्या दारात येऊ नका.
दोघांना सारखंच कमी माहीत होतं,
पण दोघांना खात्री होती.
मला त्या खात्रीचा हेवा वाटला.

तीन हजार आठशे डॉलर.
त्यात माझे अकरा रविवार आहेत
आणि बाबांची ॲल्युमिनियमची होडी, जी मी विकली
आणि आईला अजून सांगितलेलं नाही.
रात्री बारापर्यंत रद्द केलं तर हॉटेलचे परत मिळणार,
विमानाचे बुडाले.
आणि एमेट. तेरा वर्षांचा.
पुढल्या वर्षी येईलही तो,
पण दहा पावलं मागून, कानात काहीतरी खुपसून.
त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

म्हणून गॅरेजमध्ये, बंद गाडीत बसून मी फोन लावला.
पलीकडे मिरवणुकीचं बँड-संगीत,
मधूनमधून एका बाईचा हसरा आवाज:
आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.
सत्तेचाळीस मिनिटं.
काच माझ्या श्वासानं धुकट झाली.
मी दोन वाक्यं तयार ठेवली होती.
एक, आम्हाला बुकिंग रद्द करायचं आहे.
दुसरं, आजोबांसाठी चाकाची खुर्ची मिळेल का?
दोन्ही पाठ. दोन्ही जिभेवर.

ढोल मध्येच तुटला.
तीच बाई, पण हसू काढून टाकलेलं:
उद्यानं महिनाअखेरपर्यंत बंद. पैसे परत दिले जातील.
मग पुन्हा तोच बँड, पहिल्यापासून.

खांदे खाली आले माझे.
लाज वाटावी इतके हलके झाले.

आत जाऊन सांगितलं, त्यांनी बंद केलं.
टेसानं ड्रॅगनला शिव्या दिल्या, तिला येत होत्या तेवढ्या.
व्हर्जिल म्हणाले, "हरामखोर लेकाचे!"
आणि हळूच खुर्चीत टेकले.
राग सगळा पार्कच्या माथी गेला, मी जाऊ दिला.

रात्री अंधारात कोरिननं विचारलं,
"फोन उचलला असता तर काय सांगणार होतास?"
"रद्दच," मी म्हणालो.
लगेच म्हणालो. फारच लगेच.
तिनं कूस बदलली.

जूनमध्ये शाळा नाही, मैदान नाही,
टेसानं एकटीनं चौकटीला पाठ लावली,
डोक्यावर पुस्तक धरून पेन्सिल ओढली.
"पंचेचाळीस!" ती ओरडली.
टाचा टेकल्या होत्या का, ते वाकून बघायला
मी गेलो नाही.