केंद्रात एकूण नावं चाळीस

आदेशात लिहिलेलं : होडी एक, लाइफ जॅकेट पाच,
कारण दप्तरी हे बेट आहे.
पण मे महिन्यात धरण ओसरतं,
आणि नाशिकहून निघालेले आम्ही पाच जण
भेगाळल्या गाळावरून चालत गेलो,
अंगात केशरी जॅकेटं,
खांद्यावर यंत्र, रुखवतासारखं जपत.

वाटेत जुनं गाव वर आलेलं :
जोती, फुटकं जातं, चावडीच्या तीन पायऱ्या.
लहानू बेंडकोळी म्हणाला, इथंच शिक्का मारायचो.
गाव बुडालं, यादी कोरडी राहिली.

पहाटे अभिरूप मतदान.
नियमानं पन्नास मतं टाकायची.
लुटुपुटीची पन्नास, खरी नावं चाळीस.
पगारे हसला,
मग कुणी बघतंय का ते बघितलं.

दहाच्या आत बेट येऊन गेलं,
थेट जाळी आवरून.
ओल्या बोटांवर शाई धरेना, दोनदा लावली.
"किती दिवस राहती?"
"महिनाभर."
"मंग बरंय," चांगुणाबाई म्हणाली,
"सरकारचं तेवढं तरी टिकतं."

एकोणचाळीस.
पुढं नुसतं ऊन, सहापर्यंत उघडं दार,
आणि अनुक्रमांक तेवीस :
पारू लहानू बेंडकोळी, वय बावीस.
कुणी म्हणालं, सातपूरला कंपनीत आहे.
कुणी म्हणालं, येईल, चारच्या एसटीनं येईल.
लहानू काहीच म्हणाला नाही,
मला ताक आणून दिलं.

एक पोरगं शेवटी कानाशी लागलं :
पारूआत्या मागच्या श्रावणात होडीसकट गेली.
पण नाव काढायचं नाही, साहेब.
चाळीसच्या खाली आलो तर केंद्र उठतं,
मग पाच वर्षांनीसुद्धा
इकडं कुणी येणार नाही.

असा नियम आहे का, मला ठाऊक नव्हतं.
पुस्तिका पिशवीतच होती.
काढली नाही.

सहाला दारात उभं राहून विचारलं,
विचारावंच लागतं :
कुणी राहिलंय का?
सगळे गाळातल्या वाटेकडे बघत होते,
ठाऊक असलेलेसुद्धा.

नमुन्यात तीन रकाने :
गैरहजर, स्थलांतरित, मृत.
मी पहिल्यात खूण केली.

जॅकेटं पाच नेली, चार परत आली.
एक लहानूच्या ओट्यावर राहिलं,
राहिलं म्हणजे मीच ठेवलं.
भांडारात कारण विचारलं, तेव्हा लिहून दिलं :
पाण्यात वाहून गेले.
पाणी त्या दिवशी अर्ध्या कोसावर होतं.
कारकुनानं शिक्का मारला.