दहा किलोच्या खाली

ग्रंथपाल कुलथे म्हणाले, रहस्यकथांचं कपाट
बायंडिंगला गेलंय, दिवाळीनंतर या.
रात्रपाळी बारा तासांची, रिकाम्या हातानं कसं जायचं?
मग त्यांनीच टेबलावरून एक जाडजूड पुस्तक ढकललं:
मुखपृष्ठावर किल्ला, चंद्र, ओढणी उडालेली बाई.
वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं,
गेटवरच्या खरातला दिसू नये म्हणून.

जालन्याच्या एमआयडीसीत माझा काटा, साठ टनांचा.
ट्रक भंगार आणतात, सळया नेतात,
मी भरलेलं वजन घेतो, रिकामं घेतो,
मधला फरक पावतीवर.
आणि दोन ट्रकांच्या मध्ये वीस वर्षं
खुनी शोधत आलोय.
बहुतेक वेळा अर्ध्यातच ओळखतो.

म्हणून सवयीनं संशय घेतला
आधी पान खाणाऱ्या मामावर,
मग सरबत आणणाऱ्या दासीवर,
मग विहिरीवर. इतक्यांदा उल्लेख, उगाच नसणार.
अकराव्या प्रकरणापर्यंत मेला फक्त एक घोडा,
तोही म्हातारपणानं.
विहिरीत लोक नुसते वाकून बघत होते.

गोष्ट दौलताबादच्या पायथ्याची.
कागद करणाऱ्याचा पोरगा चिंध्या कुटतो,
लगदा गाळतो, ताव वाळवतो, किल्ल्यावर पोचवतो.
मुन्शीची लेक दर महिन्याला त्यातला एक ताव
परत पाठवते. कोरा.
खराब निघाला, एवढाच निरोप.
तो उन्हात धरून बघतो: डाग नाही, भोक नाही.
चार महिने त्याला कळत नाही.
मला कळलं, रात्री पावणेतीनला,
आणि मी मोठ्यानं म्हणालो, अरे गाढवा!
बाहेर कधीचा हॉर्न वाजत होता.
"काटा करते क्या नै भाई, सो गए?"
छत्तीस हजार चारशे वीस.
पावती फाडताना हात जरा हळू चालला.

रेणुका बियाण्यांच्या कंपनीत, दिवसपाळी.
मी सातला घरी येतो, ती साडेसातला निघते.
त्या अर्ध्या तासात नळ, डबा, उतू जाणारं दूध.
बाकी संसार पावत्यांच्या पाठीवर:
डाळ फ्रिजमध्ये आहे.
मोटर बंद करा, टाकी भरली असेल.
पोराचा फोन आलता, पैसे पोचले.

त्या संध्याकाळी कामावर निघताना
एक पावती डब्याखाली सरकवली,
पाठपोट कोरी.
नाक्यापर्यंत गेलो आणि वाटलं,
माघारी जाऊन उचलावी.
पन्नाशीला आलेला माणूस, काय हे.

सकाळी पावती तिथंच.
तिच्या तिरक्या अक्षरात:
लिहायचं राहिलं का?
गूळ आणा. अर्धा किलो.
ती न्हाणीत होती, आतून गुणगुणत,
किंवा नळच वाजत असेल.

गूळ पाळीवर जाताना घेतला,
पिशवी टेबलावर, कादंबरीशेजारी.
माझा काटा दहा किलोच्या खालचं
काही वाचत नाही, कंपनीनंच तसा बसवलाय.
चाळीस पानं राहिलीत.
आता खून होईलसं वाटत नाही.

दोनच्या सुमाराला मुंग्या आल्या, रांगेनं.
पिशवी उचलून खिळ्याला टांगली
आणि पुढचं पान काढलं.