रोज चार

सोहारच्या दवाखान्यात डॉक्टर सुमय्या बलुशी
कागदावरच्या आकड्याला लाल गोल करतात: १७८.
हे वाईट कोलेस्टेरॉल, म्हणतात.
मी मान डोलवतो,
ओळखीच्या माणसाची कुणी तक्रार करावी तसा.

तळलेलं बंद. चालणं सुरू. रात्री एक गोळी.
आणि रोज चार अक्रोड.
हृदयाला बरे, रक्तवाहिन्यांना बरे,
पण चारच, मूठभर नको.

आता मी पडलो वेंगुर्ल्याचा.
आई काजूच्या कारखान्यात बोटांना राख फासून बिया फोडायची.
चिकाने काळी पडलेली, सोललेली बोटं
डोक्यावरून फिरवायची तेव्हा
माझे केस अडकायचे त्यांत.
अक्रोड म्हणजे दिवाळीला शेठकडून आलेल्या खोक्याचा
चौथा कप्पा.
काजू, बदाम, मनुका संपून
तुळशीच्या लग्नापर्यंत तो तसाच भरलेला.
मेंदूसारखा दिसतो, खा, गणित येईल,
असं कुणीतरी म्हणायचं.
गणित आलं नाही.
बंदरावर स्टोअरकीपर झालो.
बोल्ट मोजतो, वॉशर मोजतो,
आता अक्रोड.

सोललेले महाग, कवचातले निम्म्या भावात.
मी भावाकडे बघितलं,
स्वतःच्या मुठीकडे नाही.

पहिल्या रात्री खोलीच्या दाराच्या बिजागरीत
एकेक धरून फोडला.
भुगा. तो कवचासकट वेचून खाल्ला,
दाढ ठणकली.
आठवड्याभरात दार वाकलं,
एसीचा गारवा फटीतून बाहेर पळू लागला,
आणि सत्तेचाळीस डिग्रीत वेल्डिंग करून आलेला शिबू म्हणाला,
केळुसकरभाय, तुझं हृदय वाचेल,
आम्ही जाऊ.

वरच्या बंकवरून शेर आलम उतरला.
दीरचा.
त्याच्या परसात म्हणे सात झाडं.
वरची हिरवी साल काढताना आईचे हात काळे पडायचे,
महिनाभर साबणाने जायचे नाहीत.
मी त्याला काजूचं सांगितलं.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, एकटा कधी फुटतो का?
दोन घेतले एका मुठीत,
एकाची शिवण दुसऱ्याच्या पोटाला लावून
दाबले.
कट्.
आत अख्खा गर,
पंख अर्धे उघडून बसलेला.

डोंगरचे आवळे, समुद्राचं मीठ,
असं आमच्यात म्हणतात, मी म्हटलं.
हिंदीत नीट सांगता आलं नाही.
लोणच्याबद्दल काहीतरी आहे,
एवढंच त्याला कळलं.

रात्री चहाच्या पेल्यात भिजत घालतो.
सकाळी पाणी तांबूस,
तुरटपणा बराचसा त्यात उतरलेला.
ते पाणी ओततो, चार गर चावतो,
आणि बसची वाट बघतो.

तीन महिन्यांनी १३१.
अक्रोड! मी म्हटलं.
अक्रोडही, डॉक्टर म्हणाल्या,
चालणंही, गोळीही, आणि तुम्ही न खाल्लेले समोसेही.
सगळं श्रेय एकाला देऊ नका.

बायको फोनवर विचारते, भिजवून खातास मां?
खातंय.
येताना पोरांका हाड.
हाडतंय. पण फोडूक शिकवूचे लागतले.

शेर आलमचा व्हिसा मार्चमध्ये संपला.
त्याच्या बंकवर आता नवा मुलगा झोपतो,
रात्रभर मोबाइलचा उजेड.
जाताना त्याने मला एक अक्रोड दिला.
दोघांत फुटतो एकच,
उरलेला पुढच्याला फोडतो.
हा त्याचा उरलेला.
किती जणांना पुरून उरलाय, त्यालाही आठवत नव्हतं.

पँटच्या खिशात असतो.
संध्याकाळी चार वेळा मुठीत येतो,
चार वेळा तसाच परत जातो.
आत गर आहे की वाळून गेलाय, माहीत नाही.
कधी कानाशी धरून हलवतो.
बारीकसं काहीतरी
आतल्या आत सरकतं.